तुम्ही विचारलंत म्हणून: ताटातला मसल आणि दंडातला मसल

मेन्यूकार्डावरच्या ‘मसल’ (mussel) या शिंपल्याचा व्यायामशाळेतल्या ‘मसल’शी (muscle), म्हणजे स्नायूशी, काही संबंध आहे का, असं बरेच जण विचारतात. त्यांचा अंदाजही तयार असतो: शिंपला घट्ट मिटतो, त्याला ताकद लागते, म्हणून हे नाव.

संबंध आहे, अंदाज मात्र चुकीचा. दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिन ‘मुस्कुलुस’ आहे, म्हणजे छोटा उंदीर. ‘मुस’ म्हणजे उंदीर, आपल्या मूषकाचा सख्खा नातलग. पुढचा ‘कुलुस’ लहानपण दाखवणारा प्रत्यय. दंड वाकवला की कातडीखाली जे टरारून येतं, त्यात रोमनांना उंदीर दिसला. हसू नका, आपण त्यालाच बेटकुळी म्हणतो, आणि बेटकुळी म्हणजे लहानसा बेडूक! शिंपल्याला हे नाव मिळालं ते आकार-रंगावरून. युरोपातला मसल काळपट निळा, एका टोकाला निमुळता, दुसरीकडे गोलसर. ग्रीकमध्ये तर उंदीर, स्नायू आणि हा शिंपला, तिघांना एकच शब्द होता. संस्कृतातही मूषावरूनच मुष्क, म्हणजे वृषण, आला आणि कस्तुरीचं इंग्रजी नाव ‘मस्क’ बहुधा त्याच मुष्कातून फारसीमार्गे गेलं.

इंग्रजीत ही भावंडं एकदम आली नाहीत. शिंपला जुन्या इंग्रजीपासून आहे, स्नायू कितीतरी उशिरा, फ्रेंचमधून. स्पेलिंगची बराच काळ सरमिसळ होती. १६००च्या सुमारास लो जर्मनच्या, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या बोलीच्या, वळणाने शिंपल्याचा डबल ‘एस’ रूढ होऊ लागला. खूण सोपी आहे: शिंपल्याची कवचं दोन, त्याचे ‘एस’ही दोन. स्नायूतला ‘सी’ मुका असतो, पण ‘मस्क्युलर’ म्हटलं की ऐकू येतो. ‘सी’ घालून ‘मसल फ्राय’ छापलं तर गिऱ्हाईक स्नायू तळून मागणार.

भाषांतर करताना जर्मन ‘मुशेल’पाशी जपा. मूळ तेच, पण अर्थ कुठलाही शिंपला. तिथे डोळे मिटून गोव्याचे शिणाणे किंवा रत्नागिरीकडची काकई, ही मसलचीच आपल्याकडची नावं, लिहू नका.

राहिला ताकदीचा मुद्दा. बिजागरीजवळचा लवचिक पट्टा कवचं सतत उघडायला बघतो आणि स्नायू ती ओढून धरतो. वाफेने स्नायूची पकड सुटली की शिंपला आपोआप उघडतो. मेल्यावरही तेच होतं. म्हणून कच्चा शिंपला उघडा दिसला तर टिचकी मारा, मिटला नाही तर फेकून द्या. कच्चाच उघडायचा असेल तर सुरी रुंद टोकाकडे घाला, कारण आपल्याकडच्या हिरव्या जातीत मिटवणारा स्नायू फक्त तिकडेच असतो. मसल खाताना मात्र स्नायूसकट सगळा जीवच पोटात जातो. ताटात निव्वळ स्नायू येतो तो स्कॅलप या दुसऱ्या शिंपल्याचा, ती जाड पांढरी चकती.