थकलेलं मानधन मिळवताना

घोडबंदर रोडवर शूटिंग चालणाऱ्या एका दैनंदिन मालिकेचे संवाद मी वर्षभर लिहिले. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे. पटकथा रात्री दहाला मेलवर यायची आणि सकाळी सातच्या शिफ्टला सीन सेटवर लागायचे.

जुलैत एकदा आजीचं काम करणाऱ्या ताई तापानं फणफणल्या. मला नौपाड्यातून तातडीनं बोलावून घेतलं. पत्र्यावर पाऊस एवढा कोसळत होता की साउंडवाल्या दादांनी टेक थांबवला. त्या वीस मिनिटांत मेकअप रूमच्या दारात उभं राहून मी आजीची वाक्यं सुनेच्या तोंडी बसवली. आजी जे हक्कानं बोलली असती, ते सून चाचरत बोलणार, म्हणून प्रत्येक वाक्य नव्यानं लिहावं लागलं. तो सीन मला आजही पाठ आहे.

मालिका संपली आणि शेवटच्या ३४ भागांचं मानधन अडकलं. करारात प्रक्षेपणानंतर ९० दिवस म्हटलं होतं. सात महिने उलटले. फोन केला की एकच उत्तर, "ताई, बिल अकाउंट्सला टाकलंय."

शेवटी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तक्रार केली. मी सभासद होतेच. ही लेखकांची नोंदणीकृत कामगार संघटना. मानधन, श्रेय, कथाचोरी अशा तक्रारी तिची वाद निवारण समिती ऐकते. करार, बिलं आणि सीन पाठवल्याचे मेल जोडायचे होते. मी प्रत्येक सीन मेलवरच पाठवत आले होते, त्यामुळे ३४ भाग तारखेनिशी दाखवता आले. सेटवर बदललेले सीन मात्र नुसते व्हॉट्सॲपवर होते. ते शोधण्यात दोन रात्री गेल्या.

करार पहिल्यांदा नीट वाचला तोही तेव्हाच. सगळी रॉयल्टी निर्मात्याला दिल्याचं एक कलम त्यात होतं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाला आपला रॉयल्टीचा वाटा असा निर्मात्याला लिहून देताच येत नाही, आणि मी त्यावर डोळे झाकून सही केली होती! फार वाईट वाटलं.

संघटनेचं पत्र गेल्यावर निर्मिती संस्थेनं बोलणी सुरू केली. पैसे दोन हप्त्यांत आले. दुसरा हप्ता जमा झाला त्याच दिवशी सोसायटीचा तुंबलेला मेंटेनन्स भरला. नव्या मालिकेचा करार आलाय. तो अजून सहीविना टेबलावर आहे, रॉयल्टीच्या कलमाखाली पेन्सिलीची रेघ ओढून.