क्लास सी लॉग, भाग ७: नापा ते बूनव्हिल, पाच दिवस पावसात

मागच्या भागात लिहिलं होतं की ऑक्टोबरमध्ये माझ्या क्लास सी घरगाडीच्या (ड्रायव्हर केबिनच्या वर बेड असलेली मोटरहोम) छतावरचं जुनं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा लेप, सगळं उकरून काढलं, नवीन घातलं आणि आता एका खऱ्या पावसाची वाट बघतेय. तो पाऊस फेब्रुवारीत मिळाला, आणि असा मिळाला की पाच दिवसांत सलग दोन तास कोरडे गेले ते फक्त एकदाच. ज्यांना थेट निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते, छत टिकलं, एक थेंब नाही. पाणी शिरलं ते भलत्याच ठिकाणाहून.

गाडी तीच, २४ फुटी, भरली की साधारण १२ हजार पाउंड. यावेळी बरोबर बाबा होते, ते दोन महिन्यांसाठी आलेत आणि आल्यापासून म्हणत होते की तुझी ती घरगाडी एकदा चालताना दाखव. खरं तर मी उन्हाळ्यातच जाते, पण फेब्रुवारीत कॅम्पग्राउंड रिकामी असतात, वाइन चाखायच्या टेस्टिंग रूममध्ये निवांत बोलायला माणसं मिळतात आणि कॅलिफोर्नियातल्या नापात द्राक्षवेलींच्या ओळींमध्ये मोहरी फुललेली असते. ती बघून बाबा म्हणाले अगं ही तर आपली मोहरी, आणि खरंच मोहरीच आहे, हिवाळ्याच्या पावसात माती वाहून जाऊ नये म्हणून ठेवतात आणि वसंतात तशीच मातीत गाडतात. करड्या ढगांखाली पिवळेजर्द पट्टे आणि त्यात काळ्या, पानं नसलेल्या वेली, ओल्या काचेतून बघितलं तरी डोळ्यांत मावत नाही.

पहिली रात्र बॉथी-नापा स्टेट पार्कात, सेंट हेलेना आणि कॅलिस्टोगाच्या मध्ये. हायवे २९ नं गेलो, वायपर चालू म्हणजे हेडलाइट चालू हा कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे तो लक्षात ठेवा. पार्कात रेडवुडची झाडं आहेत आणि एक गोष्ट तिथेच कळली की रेडवुडखाली पाऊस थांबलाय का नाही ते ऐकून कळत नाही, कारण थांबल्यावरही झाडं तासभर ठिबकत राहतात, छतावर टपटप चालूच.

रात्री दोनला जाग आली. मी ड्रायव्हर केबिनच्या वरच्या बेडवर झोपते, उशीचा कोपरा ओला. आधी वाटलं वाफ असेल, कारण संध्याकाळी पिठलं केलं होतं आणि खिडक्या नुसत्या निथळत होत्या. इथे जरा थांबून सांगते, कारण पावसात नवीन लोकांची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. एक पाउंड प्रोपेन जळलं की दीड पाउंडापेक्षा जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. फर्नेसचा (गाडीतल्या गॅस हीटरचा) धूर गाडीच्या बाहेर जातो म्हणून फर्नेसची उष्णता कोरडी, पण गॅसच्या शेगडीचं सगळं पाणी आतच राहतं, वर दोन माणसांचा श्वास आणि ओले जॅकेट. म्हणून शेगडी कधीच ऊब यावी म्हणून लावायची नाही (कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर आहेच) आणि स्वयंपाक करताना वरचा व्हेंट आणि एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, मग बाहेर कितीही धो धो असो.

आता वाफ का गळती हे कसं ओळखायचं? वाफ सगळीकडे सारखी दिसते, काचेवर, अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर, गादीच्या खालच्या बाजूला. गळती एकाच जागी असते आणि बऱ्याचदा पाण्याला किंचित तपकिरी रंग असतो कारण ते लाकडातून झिरपून येतं. मी पुढच्या भिंतीवर एका ओळीत टिश्यू पेपरचे तुकडे चिकटवले आणि अर्ध्या अर्ध्या तासानं टॉर्चनं बघत बसले. सव्वातीनला डावीकडून दुसरा तुकडा ओला, तपकिरी कड असलेला. बाकीचे सगळे कोरडे. आणि त्या तुकड्याच्या बरोब्बर मागे बाहेरच्या बाजूला काय, तर मार्कर लाइट, म्हणजे गाडीची रुंदी दाखवणारा छोटा दिवा.

क्लास सी वाल्यांनी हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवा. ८० इंच किंवा जास्त रुंद गाडीला पुढे वर असे पाच दिवे लागतात, मध्ये तीन आणि कडेला दोन, आणि आपल्या गाड्यांत ते बेडच्या पुढच्या नाकावर बसवतात. म्हणजे वारा आणि पाऊस जिथे सगळ्यात जोरात आपटतो तिथे स्क्रू आणि वायरसाठी भोकं पाडलेली. उभ्या गाडीत कदाचित काही होणार नाही, पण हायवेवर ताशी ५५ मैलांच्या स्पीडनं जाताना पाणी अक्षरशः दाबून आत ढकललं जातं. मी छताचा इंच अन् इंच केला होता आणि या दिव्यांकडे बघितलंच नव्हतं, कारण ते छत नव्हतं, भिंत होती.

सकाळी लाकडातली ओल मोजायचा मॉइश्चर मीटर लावला तर त्या जागी २३ टक्के, एक फूट बाजूला १३. लाकूड २० च्या वर बरेच दिवस राहिलं की कुजायची भीती, म्हणजे वेळेत सापडलं. पण पावसात काहीच चिकटत नाही, ना ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) ना लॅप सीलंट, दोन्हीला कोरडी स्वच्छ जागा लागते. आणि प्लीज, घाईत सिलिकॉन मारू नका, त्याच्यावर नंतर दुसरं काहीच बसत नाही आणि काढताना जीव जातो. मी एवढंच केलं की जाड प्लास्टिक नाकावरून घेऊन बाजूच्या आरशांना बांधलं आणि पुढच्या चाकांखाली एकेक लेव्हलिंग ब्लॉक सरकवला म्हणजे छतावरचं पाणी मागे जाईल. फक्त एकच, कारण आमचा फ्रीज गॅसवरचा आहे, गाडी जास्त तिरकी झाली तर तो नीट चालत नाही आणि बिघडतोही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जवळच्या एका छोट्या वायनरीत गेलो. आमच्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून तिथल्या बाईंनी आम्हाला रेनकोट घालून बागेत नेलं. छाटणी अर्धी झाली होती आणि अर्धी मुद्दाम थांबवली होती. कारण विचारलं तर म्हणाल्या की युटिपा नावाची एक बुरशी आहे, तिचे बीजाणू पावसात सुटतात आणि छाटणीच्या ताज्या जखमेतून वेलीत शिरतात, मग काही वर्षांनी फांदीच्या फांदी वाळते. म्हणून पावसाच्या तोंडावर छाटायचं नाही, शक्यतो उशिरा छाटायचं म्हणजे जखम लवकर भरते, आणि मोठ्या कापावर लेप लावायचा. नुसत्या पावसाची त्यांना काळजी नव्हती, वेली झोपलेल्या असतात, उलट पाणी मुरतं. काळजी फक्त कापलेल्या जागेची. बाबा सगळं ऐकून म्हणाले, अगं मग तुझ्या त्या दिव्याचंही हेच झालं की. मला एकदम पटलं. तेव्हापासून मी गाडीकडे तसंच बघतेय, कुठे कुठे कापलंय आणि त्या प्रत्येक कापावर काय लावलंय.

बाबांनी त्यांना सांगितलं की आमच्याकडे महाराष्ट्रात द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, वेल तशी झोपतच नाही. बाईंना ते इतकं नवल वाटलं की अर्धा तास त्याच गप्पा. मी गाडी चालवत होते म्हणून तिथे फक्त वास घेतला आणि थुंकलं, बाटल्या विकत घेऊन टॉवेलात गुंडाळून जेवायच्या टेबलाच्या सीटखाली आडव्या ठेवल्या. चाकं थांबल्यावरच उघडायच्या हा आमचा नियम.

तिसऱ्या दिवशी हायवे १२८ नं नाइट्स व्हॅलीतून गायझरव्हिल, पुढे १०१ नं क्लोव्हरडेल आणि परत १२८ धरून अँडरसन व्हॅली. रशियन नदीकाठी गर्नव्हिलला राहायचा प्लॅन होता तो निघायच्या आधीच रद्द केला. तिथे ३२ फुटांना पूर धरतात आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये नदी ४५ फुटांच्या वर गेली होती, त्यामुळे अंदाजात नदीचा आलेख चढता दिसला की मोठी गाडी घेऊन तिथे जायचंच नाही असं मी ठरवलंय. क्लोव्हरडेल ते बूनव्हिल हा रस्ता नुसती वळणं, ओल्यात मी ताशी २५-३० मैलांनीच गेले, मागे कुणी आलं की टर्नआउटला (रस्त्याकडेच्या रुंद जागेत) बाजूला होऊन जाऊ दिलं. कपाटं सगळी लॉक असूनही एक डबा पडलाच.

आणि त्याच दिवशी बूनव्हिलच्या अलीकडे ते दोन तास मिळाले. ऊन पडलं, वारा होता, एका पक्क्या मोकळ्या जागेत थांबून शिडी लावली. दिवा काढला तर मागचं गॅस्केट (पाणी अडवणारी चकती) चुरा झालेलं आणि खालचा स्क्रू गंजलेला. बाबांनी शिडी धरली आणि केसांच्या ड्रायरनं भोक आतून वाळवलं (जनरेटर चालू करून), मी रबिंग अल्कोहोलनं पुसलं, ब्यूटिल टेपची कड दिली, स्टीलचा नवीन स्क्रू, वरून आणि बाजूंनी सीलंट. खालची बाजू मुद्दाम उघडी सोडली, म्हणजे चुकून पाणी गेलंच तर बाहेर यायला वाट राहते.

मुक्काम हेंडी वुड्स स्टेट पार्कात, फायलोजवळ. हुकअप, म्हणजे गाडीला वीज-पाण्याची जोडणी, नाहीत, सोलर ३०० वॅट असूनही दिवसभरात बॅटरीत जेमतेम २० अँपअवर आले, आणि फर्नेसचा पंखाच तासाला सात-आठ खातो. पावसाळी ट्रिपला सोलरवर विसंबू नका, जनरेटरचे तास आधीच धरा. त्या रात्री गेवुर्त्सट्रामिनर नावाची पांढरी वाइन उघडली, ही व्हॅली थंड आणि धुक्याची असल्यानं इथे पिनो न्वार आणि अशा सुगंधी पांढऱ्या वाइन छान होतात. बाबांनी वास घेतला आणि लगेच म्हणाले लिची. लिचीचा वास ही या वाइनची ओळखच, आणि मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी समुद्रापर्यंत जायचं होतं पण नव्हारो नदी रस्त्यावर आली आणि १२८ फ्लिन क्रीक रोडपासून पुढे बंद. हे तिथे दरवर्षीचं आहे, निघण्याआधी कॅलट्रान्सचं (राज्याच्या रस्ते खात्याचं) क्विकमॅप, म्हणजे बंद रस्ते दाखवणारा ऑनलाइन नकाशा, बघायची सवय इथेच कामाला आली. दिवसभर तिथेच थांबलो, रेडवुडमध्ये छत्री घेऊन हिंडलो आणि पाचव्या दिवशी आल्या वाटेनं घरी.

परतीच्या वाटेवर पूर्ण वेळ पाऊस आणि समोरून वारा होता, म्हणजे याहून कडक टेस्ट मिळाली नसती. घरी पोचल्यावर टिश्यूचे पाचही तुकडे कोरडे. मीटर त्या जागी १९, आत छोटा पंखा लावून ठेवलाय. १४ च्या खाली आलं की उरलेले चार दिवे काढणार, मग मागचे पाच, मग शिडीचे बोल्ट आणि छताच्या कडेची पट्टी. बाबांचं तिकीट मार्चच्या शेवटी आहे, तोपर्यंत शिडी धरायला माणूस आहे.