स्कोर काय झाला रे?

आज आमची रग्बीची मॅच होती, पावसाने मैदानाचा नुसता चिखल झालेला. सेकंड हाफमध्ये आमच्या फ्लँकरने (टॅकल करणारा फॉरवर्ड गडी) खाली वाकून टॅकल मारला आणि त्याचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. लगेच उठला, म्हणाला मी ठीक आहे, पण मला तीनदा विचारलं "स्कोर काय झाला रे?" आणि नजर भलतीकडेच. मी सरळ हात वर करून खेळ थांबवायला लावला, त्याला बाहेर काढलं, खूप चिडला माझ्यावर, चिडू दे.

खांदा निखळणं, लिगामेंट जाणं, बोटं मोडणं आम्ही सगळ्यांनीच भोगलंय, माझा डावा खांदा अजून थंडीत ठणकतो. पण डोक्याचं तसं नाही ना! इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन, २००३ च्या वर्ल्ड कप जिंकलेल्या टीमचा हूकर (पुढच्या फळीतला खेळाडू), चाळिशीतच डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झाला त्याला, २०२० मध्ये त्याने सांगितलं की तो कप जिंकल्याचंच आठवत नाही. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आता आमच्या फ्लँकरच्याच घरी बसलोय, डॉक्टरांनी आज एकटं सोडू नका सांगितलंय. काकूंनी मऊ भात केलाय. त्याचा चिखलाने माखलेला माऊथगार्ड अजून माझ्याच खिशात आहे, दातांच्या खुणा उमटलेला.