हॅम्बर्ग ते मुंबई अंतर किती? विमान कंपनीशी घातलेला तीन महिन्यांचा वाद

410 किलोमीटर. विमान कंपनीच्या पत्रातला हा आकडा आठवला की माझं डोकं अजून तापतं.

नोव्हेंबर 2023 मध्ये मी हॅम्बर्गहून फ्रँकफर्टमार्गे मुंबईला निघालो होतो. हॅम्बर्गचं विमान सव्वा तास उशिरा सुटलं, कारण वैमानिकच पोचले नव्हते. फ्रँकफर्टला धावत गेलो तोवर मुंबईचं गेट बंद झालं होतं. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी. घरी पोचलो 24 तास उशिरा; भावाच्या घराची वास्तुशांत माझ्याविना उरकली होती.

युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमाप्रमाणे अशा वेळी भरपाई मिळते. अर्ज दहा मिनिटांत भरला. उत्तर आलं: 250 युरो मंजूर. का, तर उशीर झालेलं विमान हॅम्बर्ग–फ्रँकफर्ट होतं आणि ते अंतर 410 किलोमीटर.

अहो, पण मी फ्रँकफर्टला राहायला थोडाच चाललो होतो!

नियमात 1,500 किलोमीटरपर्यंत 250 युरो आहेत, आणि युरोपबाहेरच्या 3,500 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला 600. मी तसं लिहिलं. पंधरा दिवसांनी तेच पत्र, फक्त तारीख बदललेली. फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, ते उड्डाण जेमतेम तासाभराचं आहे." उड्डाणाच्या वेळेचा इथे काय संबंध? फ्रँकफर्टहून मुंबईला यायला साधारण आठ तास लागतात, तेच जाताना समोरच्या वाऱ्यामुळे जास्त लागतात. अंतर मात्र दोन्हीकडून तेवढंच. म्हणून तर नियम किलोमीटरवर आहे, आणि तेही पृथ्वीच्या गोलावरून सरळ मोजलेले.

मग मी ते मोजलं. हॅम्बर्ग ते मुंबई सरळ साधारण 6,530 किलोमीटर भरतं, म्हणजे फ्रँकफर्ट–मुंबईपेक्षाही थोडं कमीच! फ्रँकफर्टचा वळसा धरायचाच नसतो. पहिलं ठिकाण आणि शेवटचं ठिकाण, एवढंच बघायचं. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर 2017 मध्ये C-559/16 या खटल्यात हे स्पष्ट सांगितलं आहे. हा क्रमांक तिसऱ्या पत्रात ठळक अक्षरांत घातला आणि शेवटी लिहिलं की आता लवादाकडे जातो. जर्मनीत प्रवाशाला लवादाचा खर्च पडत नाही.

त्यावर महिनाभर शांतता. रोज सकाळी मेल उघडायचो. फोनवर एकदा "तुमची फाइल बंद झाली आहे" असंही ऐकून घेतलं. आणि फेब्रुवारीत एक दिवस, दिलगिरीचा शब्दही न लिहिता, खात्यात 600 युरो जमा झाले. त्या दिवशी मी भावाला फोन करून अख्खी हकिकत सांगितली.

मधे त्यांनी 250 युरोंसाठी एक फॉर्म पाठवला होता, "यापुढे कोणतीही मागणी नाही" अशी ओळ असलेला. त्यावर सही करू नका. बोर्डिंग पास फेकू नका. उशिराचं कारण काउंटरवरच विचारा आणि फलकाचा फोटो काढून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच: माझी दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर होती. स्वस्त पडतं म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली असती, तर हातात काहीच आलं नसतं. मुंबईहून युरोपला जाताना हा नियम फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला लागू होतो, तेवढं तिकीट काढतानाच बघा.