प्रेअरी क्रीकला सॅलमँडर पाहायला सप्टेंबरात जाऊ नये

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे 500 किलोमीटर उत्तरेला असलेल्या प्रेअरी क्रीक रेडवुड्स उद्यानात आम्ही दोघे पहिल्यांदा गेलो ते सप्टेंबरात, आणि 'सॅलमँडर हमखास दाखवतो' असे सांगून एका वाटाड्याने आमच्याकडून माणशी 180 डॉलर घेतले. ही फसवणूक होती. सॅलमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी, आणि त्याच्या इथल्या वाँडरिंग सॅलमँडर या जातीला फुप्फुसे नसतात. तो त्वचेतून श्वास घेतो आणि त्यासाठी ती सदैव ओली राहावी लागते, म्हणून कोरड्या दिवसांत तो उघड्यावर येतच नाही, आणि तिकडे सप्टेंबर कोरडाच असतो. जुन्या रेडवुड या अतिउंच वृक्षांच्या माथ्याकडे, फांद्यांच्या बेचक्यांत साठलेल्या मातीवर नेच्यांचे जाड थर वाढतात, त्यांत पाणी टिकते आणि तेथे तो राहतो. मूळच्या जुन्या रेडवुड जंगलापैकी आज जेमतेम 5 टक्के उरले आहे, आणि असे थर शतकानुशतके वाढलेल्या झाडांवरच जमतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या चिमुकल्या प्राण्याचे घर किती दुर्मीळ आहे ते कळते.

तो जमिनीवरच्या ओंडक्यांतही आढळतो, हे खरे. पण वाटाड्याने चार तास ओंडके उलथून त्यांखालची ओल घालवली. असे करणाऱ्याला एक डॉलरही देऊ नये.

फेब्रुवारीत, वादळी पावसानंतर, आम्ही आपापले गेलो. जेम्स आयर्विन वाट उत्तम आहे, मात्र ती जेथे फर्न कॅन्यन या ओढ्याच्या घळीला पोहोचते तेथे उन्हाळ्यातले लाकडी साकव हिवाळ्यात काढलेले असतात, हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. गुडघाभर बर्फगार पाण्यातून, पायांखाली सरकणाऱ्या गोट्यांवरून, बुडालेले ओंडके चाचपडत आम्ही अर्धा तास चाललो आणि मी दोनदा पडलो. काठी आणि कोरड्या मोज्यांचा दुसरा जोड यांशिवाय या टप्प्यात उतरू नये. लहान मुलांना तर आणूच नये.

परतताना वाटेवर नेच्यांच्या थरासकट तुटून पडलेली एक फांदी दिसली, आणि त्या थराच्या कडेला तपकिरी अंगावर कांस्यवर्णी ठिपके असलेला सॅलमँडर बसला होता. हे प्राणी पडताना पाय पसरून वेग जास्तीत जास्त सुमारे 10 टक्क्यांनी कमी करतात, हे 2022 मध्ये उभ्या वायुबोगद्यातील, म्हणजे खालून वर हवेचा झोत सोडणाऱ्या नळीतील, प्रयोगांनी दाखवले आहे. तोही कदाचित तसाच उतरला असावा. आम्ही त्याला हात लावला नाही, कारण हातावरचे सनस्क्रीन किंवा डासांचे मलम त्याच्या त्वचेत थेट शोषले जाते. वीस मिनिटांनी ढग फाटून ऊन आले, तसा तो नेच्यांखाली शिरला.