‘खातंय की चांगलं’ म्हणू नका, वजन करा

पाखराला बरं नाही म्हणून कुणी माझ्याकडे आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘काकी, गप बसून असतंय, पण खातंय बघा चांगलं.’ या ‘खातंय’वर विसंबून किती पाखरं हकनाक गेली असतील, या विचाराने जीव हळहळतो. म्हणूनच हे लिहायला बसलेय.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, मागाचं. आत दिवसभर मागांचा खडखडाट चालू असतो आणि मी ओसरीवर कांड्या भरत बसते. समोर बजरी नावाच्या छोट्या पोपटांचे पिंजरे, एका बाजूला तुरेवाल्या कॉकाटेल पोपटांची जोडी. बजरींनाच बेळगावात सगळे लव्हबर्ड म्हणतात, तेव्हा तुमच्या घरी लव्हबर्ड असतील तर बहुतेक हेच पाखरू असणार. मागाच्या आवाजात पाखराच्या श्वासाला घरघर लागली तरी कानाला कळत नाही. त्यामुळे माझा सगळा भरवसा डोळ्यांवर. हात कामात आणि नजर पिंजऱ्यावर, अशी वर्षं गेली.

रानात आजारी दिसणारं पाखरू शिकाऱ्याच्या तोंडी आधी जातं. म्हणून अंगात जरा तरी ताकद आहे तोवर ते आजार लपवतं. आपण पिंजऱ्याजवळ गेलो की पिसं आवळून ताठ बसतं, वाटीत चोचही घालतं. आपण लांब गेलो की पुन्हा फुगून बसतं. म्हणून पाखराला दारामागून, त्याच्या नकळत बघायला हवं. धडधाकट पाखरू दुपारी डुलकी काढताना बहुधा एक पाय पोटाशी घेतं. दोन्ही पायांवर, पिसं फुलवून, भर दिवसा डोळे मिटून बसलेलं पाखरू बरं नाही हे नक्की समजा. आणि ते दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी येऊन बसलं असेल तर ‘उद्या बघू’ म्हणायला वेळ उरलेला नसतो.

आता खाण्याचं. बजरी दाणा सोलून आतला गर खाते आणि टरफल तिथेच टाकते. वाटी वरून भरलेली दिसते, पण खाली नुसती टरफलं असतात. उलटंही होतं: आजारी पाखरू दाणे चोचीत घोळवतं, सोलतं आणि टाकून देतं. बघणाऱ्याला वाटतं, चाललंय की जेवण. त्यातही बजरींना जठरातल्या बुरशीचा एक आजार होतो. त्यात पाखरू खरोखरच दिवसभर वाटीपाशी असतं आणि तरीही वाळत जातं, कारण खाल्लेलं पचत नाही. विष्ठेत अख्खे दाणे दिसू लागतात, कधी डोकं झटकून उलटी करतं. बुरशीवरचं औषध वेळेत मिळालं तर पाखरू सावरतं. वेळेत कळायचं तर एकच मार्ग आहे, वजन.

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरे. आपल्याकडच्या बजरीचं वजन साधारण 30 ते 40 ग्रॅम, कॉकाटेलचं 80 ते 100. प्रत्येकाचा आकडा वेगळा, त्यामुळे दुसऱ्याच्या पाखराशी तुलना नको, त्याच्या स्वतःच्या मागच्या आठवड्याशी करा. सकाळी दाणा घालण्याआधी, ठरलेल्या वेळी. 36 ग्रॅमच्या पाखराचे तीन-चार ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला, ही मोठी गोष्ट आहे. काटा नसेल तर छातीवर बोट फिरवा. मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागायला हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं तर पाखरू बऱ्याच दिवसांपासून आजारी आहे. वरच्या पिसांनी ते झाकून ठेवलेलं असतं, एवढंच.

दुसरी साक्ष पिंजऱ्याखालच्या कागदाची. छापील वर्तमानपत्रावर रंग कळत नाहीत, म्हणून मी साधा पांढरा कागद घालते आणि रोज बदलते. पाखराच्या विष्ठेत तीन गोष्टी असतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, त्यावर पांढरा, आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी. काकडी, कोथिंबीर खाल्ली की पाणी वाढतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा पडला, घट्ट भागाला काळसर डांबरासारखा रंग आला, किंवा नेहमीपेक्षा डाग एकदम कमी झाले, तर डॉक्टर गाठा. बजरी दर वीस-तीस मिनिटांनी शिटते, त्यामुळे सकाळचा कागद दुपारी बघितला तरी पुष्कळ कळतं.

पांढरा भाग हिरवट-पिवळा होणं हे सिटाकोसिसचंही लक्षण असू शकतं. हा आजार पाखराकडून माणसाला होतो. 1929-30 साली दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांमुळे युरोप-अमेरिकेत त्याची मोठी साथ आली होती. पाखराचे डोळे चिकटतात, नाक वाहतं, ते मलूल होतं. माणसाला ताप, जोराची डोकेदुखी, कोरडा खोकला. वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकात जाऊन तो होतो, म्हणून पिंजरा कोरडा झाडू नका, आधी पाणी शिंपडा. घरात पाखरं असून कुणाला असा ताप आला तर आपल्या डॉक्टरांना ‘घरी पाखरं आहेत’ हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. पाखराला यावर डॉक्सिसायक्लिन हे जंतूंवरचं औषध देतात, तेही सलग 45 दिवस. हे लिहायचं कारण, दुकानातून कॅप्सूल आणून पाण्यात फोडायची सवय आपल्याकडे फार आहे. बजरी मुळात पाणी थोडं पिते, आजारी बजरी त्याहून कमी, आणि औषधाने कडवट झालेलं पाणी तर टाळतेच. पोटात किती गेलं हे कुणालाच कळत नाही, आणि दोन दिवसांत तरतरी दिसली की औषध बंद होतं. असं करू नका, कळकळीने सांगते.

आपल्या बेळगावचा पाऊस हा पाखरांच्या दृष्टीने वेगळाच विषय आहे. जूनपासून चार महिने घरात सर्द हवा, भिंतींना ओल. रविवार पेठेतून एकदम पोतंभर राळे, म्हणजे पाखरांचा दाणा, आणून ठेवले की ऑगस्टपर्यंत त्याला कुबट वास धरलाच म्हणायचा. त्या बुरशीचे कण पाखराच्या श्वासात जातात आणि ॲस्परजिलोसिस हा श्वासाचा आजार होतो, जो बरा करणं डॉक्टरांनाही अवघड जातं. पावसाळ्यात दाणा थोडा थोडा आणा, हातात घेऊन वास घ्या, कुबट वाटला तर कोंबड्यांनाही घालू नका. ऊन पडेल त्या दिवशी ताटात पसरा.

पाखराचा श्वास आपल्यासारखा नसतो. फुप्फुसांखेरीज शरीरात हवेच्या पिशव्या असतात आणि आत येणाऱ्या हवेतून ते फार जास्त शोषून घेतं. इंग्लंडच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला 1986 पर्यंत कॅनरी पाखरं नेत ती याचमुळे. म्हणून पिंजऱ्याजवळ धूप, उदबत्ती, डासांची कॉइल नको. गणपतीत पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवा. नॉनस्टिक तवा रिकामा तापून धुरावला तर त्या घरातलं पाखरू काही मिनिटांत मरू शकतं. श्वासाचा त्रास ओळखायचा शेपटीवरून. स्वस्थ बसलेल्या पाखराची शेपटी प्रत्येक श्वासाला वर-खाली हलत असेल तर त्याला श्वास घ्यायला कष्ट पडताहेत.

चोचीच्या कडेला, नाकाशी, पायांवर पांढरट, बारीक भोकांचा खडबडीत थर आला तर तो खरुजेचा किडा. डॉक्टरांच्या एका औषधाने जातो, लवकर दाखवलं तर चोच वाकडी होत नाही. त्याहून घोर लावणारी खूण नराच्या नाकाच्या रंगात असते. मोठ्या नराचं नाक बहुधा निळं, मादीचं तपकिरी. नराचं निळं नाक हळूहळू तपकिरी होऊ लागलं तर आत वृषणात गाठ असू शकते. एक पाय लुळा पडला तर घरचे म्हणतात, पडलं असेल कुठंतरी. पण पोटातल्या गाठीने शीर दाबली गेली तरी पाय असाच लुळा पडतो.

मागच्या थंडीत शेजारच्या वहिनींनी हाक मारली. मादी पिंजऱ्याच्या तळाशी, पाय फाकून, शेपटी हलतेय.

‘कधीपासून बसलीय वहिनी?’

‘सकाळपासनं. अंडी घालणार असेल म्हणून हलवलं नाही ओ.’

अंडं अडकलं होतं. नुसत्या राळ्यावर ठेवलेल्या मादीच्या अंगात पुरेसं कॅल्शियम नसतं, त्यात आपलं गाव 750 मीटर उंचीवर, डिसेंबरच्या पहाटे चांगलाच गारठा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर मादीच्या जिवावर बेतू शकतं. आम्ही पिंजऱ्याच्या एका अंगाला बल्ब लावला, तीन बाजूंनी कापड घातलं, जवळ गरम पाण्याचं पातेलं ठेवलं आणि डॉक्टरांना फोन केला. ऊब साधारण 30 अंश, आणि नको वाटली तर सरकायला पाखराला जागा हवी. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, रात्री अंडं पडलं. आता त्या पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगलेला असतो, शेवग्याचा पाला आणि गाजराचा कीसही जातो. गाजर-पाल्यातून अ जीवनसत्त्वाची सोय होते, दाण्यात ते जवळजवळ नसतंच.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांसमोर रोज म्हशी-बैल येतात, पाखरू क्वचित. त्यांना मदत करा. वजनाची वही, त्या दिवशीचा कागद, आणि घरी बसलेल्या पाखराचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात ते पुन्हा ताठ बसणार. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर राळ्याला नवणे म्हणा, लगेच कळेल. पाखरांचा जाणकार हवाच असेल तर कोल्हापूर किंवा हुबळीत चौकशी करा, पण आधी इथे ऊब आणि पहिला उपचार मिळू द्या. आजारी पाखराला तसंच प्रवासाला काढू नका.

खानापूरच्या रानातून आणलेला हिरवा पोपट मात्र मला दाखवायला आणू नका. तो पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तो वनखात्याकडे द्या.

आणि नवं पाखरू आणलं की थेट जुन्यांत सोडायचं नाही. निदान महिनाभर, जमलं तर दीड महिना, वेगळ्या खोलीत ठेवा. त्याचं वजन लिहा, कागद बघा. आधी जुन्यांचा दाणा-पाणी, मग नव्याचं, आणि मग हात धुवा. दोन्हीकडच्या पाण्याच्या वाट्या एकाच बादलीत विसळू नका.