परंपरेलाच साक्षीला बोलावणारी कला

परंपरेच्या नावाने स्त्रियांवर बंधने लादली जातात तेव्हा त्यांची बाजू घेणारे बहुधा आधुनिकतेचा आधार शोधतात. १९८५ साली तेहरानमध्ये जन्मलेली आणि २००७ मध्ये अमेरिकेत गेलेली डिजिटल माध्यमात काम करणारी कलाकार मोरेहशिन अल्लाहयारी हिने निराळी वाट धरली. ती परंपरेलाच साक्षीला बोलावते आणि त्यासाठी संगणकाची मदत घेते.

तिची २०२२ मधील ‘मून-फेस्ड’ ही कलाकृती मला या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या फारसी साहित्यात चंद्रासारखा चेहरा ही स्त्री-पुरुष दोघांच्याही सौंदर्याची खूण होती. इराणवर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९२५ पर्यंत राज्य करणाऱ्या काजार घराण्याच्या काळाच्या पूर्वार्धातील व्यक्तिचित्रांतही जुळलेल्या भुवया, बदामी डोळे आणि बारीक कंबर दोघांच्याही वाट्याला येत असल्याने समोर तरुण आहे की तरुणी, हे पुष्कळदा पोशाखावरूनच ठरवावे लागते. पुढे युरोपशी संबंध वाढला, छायाचित्रण आले (काजार राजा नासिरुद्दीन शाहाला त्याचे वेडच होते) आणि ही संदिग्धता मागे पडली. अल्लाहयारीने काजार चित्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या साहाय्याने असे चालते-बदलते चेहरे घडवले, की ज्यांना स्त्री किंवा पुरुष म्हणता येत नाही.

याचा हक्कांशी संबंध उघड आहे. १९३६ मध्ये इराणचा राजा रझा शाहाने स्त्रियांचा पडदा सक्तीने उतरवला, तर १९८३ मध्ये इस्लामी राजवटीने हिजाबच्या सक्तीला शिक्षेची जोड दिली. बाईने कसे दिसावे हे राज्यानेच ठरवायचे, हे दोघांनीही गृहीत धरले होते. हिजाबच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनीच्या कोठडीतील मृत्यूनंतर ‘झन, झेंदेगी, आझादी’ (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) ही घोषणा देत इराणी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेही २०२२ सालच. काजार अंतःपुरातील स्त्रिया मुक्त होत्या असे अर्थातच कोणी समजू नये. पण स्त्री-पुरुषांच्या रूपातील काटेकोर सीमारेषा अनादी आहे, हा दावा त्या काळची चित्रेच खोडून काढतात.

‘हसणारी नागीण’ या तिच्या प्रकल्पाचे मूळ ‘किताब अल-बुल्हान’ या मध्ययुगीन हस्तलिखितात आहे. ते अरबी आहे, फारसी नव्हे. पण अद्भुतांच्या कथा भाषेची हद्द कधीच पाळत नाहीत. नगर उद्ध्वस्त करणारी ही नागीण कोणालाही आवरत नाही, शेवटी आरशात स्वतःला पाहून हसत सुटते आणि त्यातच मरते. अल्लाहयारीने तिला त्रिमितीय मुद्रणाने घडवून आरशांच्या दालनात टांगले आणि तिच्या कथेत लैंगिक छळाच्या आठवणी गुंफल्या. पुरुषांनी राक्षसी ठरवलेल्या या शक्तीला ती सुधारून सोज्वळ करत नाही, हे मला विशेष आवडते.

तंत्रज्ञानाविषयी ती भाबडी नाही. पश्चिम आशियातील वारशाच्या त्रिमितीय प्रती काढून त्यांवर पाश्चात्त्य कंपन्यांनी मालकी सांगावी, याला ती डिजिटल वसाहतवाद म्हणते. आयसिसने फोडलेल्या मूर्तींपैकी इराकमधील हत्रा या प्राचीन नगराचा राजा उथाल याच्या मूर्तीच्या पुनर्रचनेची संगणकीय फाइल तिने २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली केली.